शुगर असलेल्याने फणसातलं काय घ्यावं: पीठ, पानांचा काढा की आठळ्या?

घरात कुणाला शुगर निघाली की मे महिन्यात दोन सल्ले हमखास येतात. एक म्हणतो, फणसाला हात लावू नका. दुसरा म्हणतो, फणसाचंच पीठ खा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते एकाच फळाच्या दोन वयांबद्दल बोलताहेत. कच्च्या गऱ्यात स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते. पिकलेल्या १०० ग्रॅम गऱ्यांत ही साखर साधारण १९ ग्रॅम भरते.

पिठाच्या बाजूने पुरावा बऱ्यापैकी आहे. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुळमला टाइप २ मधुमेहाच्या ४० जणांवर १२ आठवडे चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचं पीठ घेणाऱ्यांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. ते पीठ तेवढ्याच तांदूळ-गव्हाच्या बदल्यात दिलं होतं. नेहमीच्या दोन पोळ्या खाऊन वर चमचाभर पीठ ताकात ढवळून पिणं म्हणजे ती चाचणी नव्हे. दुसरं, संशोधकांच्या यादीत हे पीठ विकणाऱ्या कंपनीचे संस्थापकही आहेत. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण माणसंही ४०च होती.

पानांचा काढा जुना. श्रीलंकेत १९९१ मध्ये पानांचा गरम पाण्यातला अर्क माणसांना देऊन पाहिला, तेव्हा साखर पचवण्याची क्षमता सुधारलेली दिसली. अडचण मात्रेची. घरच्या पातेल्यात किती पानं, कोवळी की जून, किती उकळली, यावर सगळं बदलतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल आणि वरून काढ्यानेही काम केलं, तर साखर खाली जाऊन घाम-थरथर सुटायची. मी काढ्याला नाही म्हणेन. पानांचे द्रोण करून त्यात इडल्या उकडा, खुशाल.

आठळीत जॅकलिन नावाचं प्रथिन असतं. रक्तातल्या ‘आयजीए’ नावाच्या, जंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडाला ते चिकटतं, म्हणून प्रयोगशाळेत ते प्रतिपिंड वेगळं काढायला वापरतात. हे वाचून आठळ्या ‘प्रतिकारशक्ती वाढवतात’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आठळी उकडली की प्रथिनाची घडी मोडते, आणि उकडायलाच हवी, कारण कच्च्या आठळीत प्रथिन पचू न देणारे घटक असतात. बाकी ती पिष्टमय आहे, तेव्हा आमटीत आठळ्या असतील त्या दिवशी भात कमी.

फणसाच्या लाकडातल्या मोरिन, आर्टोकार्पिन या घटकांचं नाव क्रीमच्या जाहिरातीत दिसतं. मोरिनमुळे त्या लाकडाचा पिवळा रंग निघतो, बौद्ध भिक्खूंची चीवरं त्यात रंगवत. खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे निवड पिठाची, नाहीतर सरळ कच्च्या फणसाच्या भाजीची, आणि तीही पोळी-भात कमी करून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पिकलेल्या १०० ग्रॅम गऱ्यांत साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही जपून.

आणि हो, तळलेले गरे कच्च्या फणसाचेच असतात, हे कारण मी घरी सांगून पाहिलंय. चाललं नाही.