नाताळला कोणता बघावा: ‘द फॅमिली मॅन’ की ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’?

करिअर की घरसंसार, हा पेच दोन्हींत आहे. दोन्हींत नायकाला वेगळं आयुष्य दाखवलं जातं, फक्त उलट बाजूनं.

२००० सालच्या ‘द फॅमिली मॅन’मधला जॅक (निकोलस केज) वॉल स्ट्रीटवरचा बडा माणूस. नाताळच्या सकाळी त्याला जाग येते ती न्यू जर्सीतल्या घरात. जुनी प्रेयसी केट आता बायको, पदरात दोन मुलं आणि नोकरी सासऱ्याच्या टायरच्या दुकानात! हा आपला बाबा नाही, हे फक्त चिमुरड्या मुलीला कळतं. चॉकलेट दूध करता येईल ना, याची खात्री करूनच ती या ‘परग्रहवासीया’चं पृथ्वीवर स्वागत करते. फार गोड प्रसंग आहे.

दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये जॉर्ज (जेम्स स्टुअर्ट) जग फिरायची स्वप्नं गुंडाळून वडिलांची छोटी पतसंस्था सांभाळतो. लग्नाच्याच दिवशी घाबरलेले ठेवीदार दारात येतात आणि मधुचंद्रासाठीचे २००० डॉलर त्यांच्यात वाटले जातात. दिवसअखेर उरतात २ डॉलर. घरासाठी, गावासाठी काय सोडावं लागतं, ते इथे रोख दिसतं. म्हणून माझं मत काप्रालाच.

एका बाबतीत मात्र ‘फॅमिली मॅन’ पुढे आहे. जॅकशिवायची केट पॅरिसला निघालेली यशस्वी वकील असते. जॉर्जला मात्र तो जन्मलाच नसता तर जग कसं असतं ते दाखवलं जातं, आणि त्यात त्याची बायको मेरी नुसती भेदरलेली, अविवाहित ग्रंथपाल. दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यानं आधी केटची गोष्ट बघावी.