सातपूरचं गॅरेज आणि तिथला वॉशिंगवाला

माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक दोन महिने त्रास देत होता. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने दोनदा नुसता नट आवळून दिला. आठ दिवस बरे जायचे, मग लिव्हर पुन्हा ग्रिपला टेकायची. कॉम्बी ब्रेकमुळे डावी लिव्हर दाबली की पुढचाही थोडा लागतो, म्हणून खरा दोष कळतच नव्हता. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री त्र्यंबक रोडने पंचवटीत घरी यायचं. होळकर पुलापर्यंत जीव मुठीत.

शेवटी कंपनीतल्या मैत्रिणीने एमआयडीसीतलं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याची शेड, दोन रॅम्प, तीन माणसं. इथे गाडी आधी धुतात, मग खोलतात. मी चहा घेत समोरच उभी होते. वॉशिंगचा पोरगा जेमतेम एकोणीस-वीसचा. मागच्या चाकावर पाणी मारता मारता थांबला, पंप बंद केला, रिमच्या आतून बोट फिरवलं आणि वास घेतला. "मामा, इकडं या. गिअर ऑइल येतंय." मामा, म्हणजे तिथले सीनियर मेकॅनिक, हातातलं काम टाकून आले. ड्रम उघडला, तर लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, तेलाने चिंब. चाकाजवळचं ऑइल सील गेलेलं, तेल झिरपून थेट लायनरवर. असा ब्रेक कितीही आवळा, धरणार कसा?

मी फायनल इन्स्पेक्शनला आहे, म्हणून हे जास्तच भिडलं. शाम्पू मारून तो डाग त्याने दोन मिनिटांत घालवला असता. गाडी चकाचक दिसली असती आणि त्याला कुणी बोललंही नसतं, त्याचं काम धुण्याचं. आमच्या लाइनवर पहिल्या स्टेशनवाल्याने बर (कापताना धातूला राहिलेली धारदार कड) दिसूनही पार्ट पुढे सोडला, तर माझ्यापर्यंत तो असेंब्लीत बंद होऊनच येतो. मी कितीही डोळे फाडले तरी दिसत नाही. आणि मामांचंही कौतुक. "तू गप धू" म्हणणारे सीनियर मी पाहिलेत. एकदा ते ऐकलेला पोरगा पुन्हा तोंड उघडत नाही.

सील, लायनर, गिअर ऑइल, सर्व्हिसिंग मिळून १,१८० रुपये. जुनं सील हातात दिलं, कड चिरलेली होती. वेळ मात्र पाळत नाहीत. एकला देतो म्हणाले, अडीच वाजवले, फोनही नाही. पंचिंगला कशीबशी पोचले.

सकाळी दहाच्या आत गाडी लावा. धुताना तिथेच थांबा आणि काय तक्रार आहे ते त्या पोराला सांगा. तो नीट ऐकून घेतो.