साडेअकरा हजारांच्या बॅगा आणि दोन टाक्यांचे वेल्डिंग

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी माझ्या मोटरसायकलसाठी बाजूच्या दोन बॅगा, त्या अडकवण्याचा लोखंडी सांगाडा आणि मागच्या सीटवर बांधायची एक लहान बॅग असा संच समाजमाध्यमावरच्या एका विक्रेत्याकडून ११,५०० रुपयांना घेतला. त्या संचाने पहिल्याच प्रवासात आंबोली घाटात दगा दिला. पैसे बुडाले ते बुडालेच, पण सांगाडा तुटला त्या वळणावर समोरून एसटी येत होती, एवढे सांगितले म्हणजे हे सविस्तर लिहिण्याचे कारण कळेल.

खरेदीपासूनच सांगतो, कारण फसवणूक घाटात झालेली नाही, ती पुण्यात माझ्या घरी, मोबाइलच्या पडद्यावर झाली. दिवाळीच्या सुट्टीत एका मित्रासह पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली या वाटेने सावंतवाडीला आणि तेथून गोव्याला जाण्याचा बेत होता. शोरूममध्ये बॅगांची आणि सांगाड्याची किंमत ऐकून मी मागे सरकलो होतो. त्याच आठवड्यात एका नामांकित परदेशी कंपनीच्या बॅगा निम्म्याहून कमी किमतीत देऊ करणारी जाहिरात माझ्यासमोर आली. ‘निर्यातीचा शिल्लक माल’ असे तिच्या खाली लिहिले होते. विक्रेत्याने आपले वर्कशॉप भोसरीत असल्याचे सांगितले. मी ‘येऊन बघतो’ म्हटल्यावर मात्र ‘दादा, सध्या माल गोडाऊनला आहे, तुम्ही कशाला त्रास घेता’ असे उत्तर आले. मला ते सौजन्य वाटले.

त्याने तीन दावे केले होते. बॅगा पूर्ण जलरोधक आहेत, सांगाडा दोन मिलिमीटर जाडीच्या पायपाचा आहे आणि एकेक बाजू २० किलो वजन पेलते. पुराव्यादाखल बॅगेवर नळीने पाणी मारतानाचा व्हिडिओ पाठवला होता. आधी ४,००० रुपये आगाऊ ठरले होते. ते भरल्यावर ‘माल पॅक झालाय, बाकीचे टाकले की लगेच निघेल’ असा निरोप आला. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता भलत्याच एका व्यक्तीचे नाव आले. मी क्षणभर थबकलो, मालकाचे खाते असेल अशी स्वतःची समजूत घातली आणि पिन टाकला.

पार्सल आले ते कंपनीच्या खोक्यात नव्हते, तांदळाच्या गोणीसारख्या पांढऱ्या कापडात शिवलेले होते. बॅगेवरच्या लेबलात ‘वॉटरप्रूफ’ या इंग्रजी शब्दातले एक अक्षर गळालेले होते. यावर आम्ही घरात हसलो, हे आता आठवले की लाज वाटते. गल्लीतल्या मेकॅनिकने सांगाडा हातात घेतला, पान्याने दोनदा टकटक केली आणि म्हणाला, ‘साहेब, पाईप लई हलका वाजतोय.’ भोकेही जुळत नव्हती; त्याने कानसीने ती लांबट केली, वॉशर घातले आणि कसाबसा सांगाडा बसवला. त्याच संध्याकाळी विक्रेत्याचा संदेश आला की फिटिंगचा फोटो आणि दोन चांगली वाक्ये पाठवलीत तर ३०० रुपये परत करतो. मी सोसायटीच्या फाटकासमोर गाडी उभी करून फोटो काढला आणि ‘मजबूत सांगाडा, उत्तम बॅगा, निर्धास्त घ्या’ असे लिहून पाठवले. गाडी तोवर बॅगांसह एक किलोमीटरही चाललेली नव्हती. ते ३०० रुपये मात्र खरोखर आले.

निघण्यापूर्वी मी बॅगा घरच्या स्प्रिंगच्या काट्यावर टांगून तोलल्या होत्या. उजवीकडे ९ किलो, डावीकडे ८ आणि मागच्या सीटवरच्या बॅगेत ४ किलो भरले. पुढे विक्रेत्याने ‘ओव्हरलोड केलं असेल’ असे म्हटले तेव्हा हे आकडे वहीत लिहिलेले होते, पण त्याचा उपयोग फक्त माझ्या समाधानापुरता झाला.

पहाटे पाचला निघालो. खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर हा सगळा महामार्ग गुळगुळीत असल्याने काही जाणवले नाही. निपाणीहून आत वळल्यावर रस्त्याला हादरे सुरू झाले आणि आजरा सोडल्यावर पाऊस लागला. आंबोली ओलांडून सावंतवाडीकडे उतरताना गाडीची शेपटी डुलू लागली. वळणात गाडी आडवी केली की मागचा भाग क्षणभर उशिराने मागून येतो आहे असे वाटे. मला आधी टायरमधली हवा गेल्याचा संशय आला. तेवढ्यात मागून मित्राने सलग हॉर्न दिला, समोरून एसटी वळण घेऊन आली आणि मी ब्रेकला हात न लावता, केवळ अॅक्सिलरेटर सोडून, गाडी कठड्याकडे घेतली. जळक्या प्लॅस्टिकचा वास हेल्मेटच्या आत येत होता.

उजवीकडच्या सांगाड्याचा खालचा जोड सुटला होता. बॅग आत झुकून सायलेन्सरला टेकली होती आणि तिला तळहाताएवढे भोक पडले होते. तिची आतली कड टायरला घासत होती; टायरच्या बाजूवर राखाडी पट्टा उमटला होता. सायलेन्सर माझ्या गाडीला उजवीकडे आणि चेन डावीकडे आहे. तोच जोड डावीकडचा सुटला असता आणि बॅगेचा पट्टा चेनमध्ये गेला असता, तर मागचे चाक जागच्या जागी अडकले असते.

तुटलेला जोड मी पावसात टॉर्च लावून पाहिला. पाईप पट्टीला चोहोबाजूंनी वेल्ड केलेला असायला हवा होता. तेथे धातू धातूला लागलेल्या जागा दोनच होत्या, मुगाच्या दाण्याएवढ्या, ताज्या तुटीने चकाकणाऱ्या. उरलेल्या सगळ्या जोडावर लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरून वर काळा रंग मारलेला होता. नखाने खरवडली तशी लांबी खडूसारखी निघाली. पुण्यात परतल्यावर एका ओळखीच्या कारखान्यात व्हर्निअरने पायपाची जाडी मोजली, ती १.१ मिलिमीटर भरली. बोल्ट ‘स्टेनलेस’ म्हणून दिले होते. ते एका पावसात तांबूस झाले. चांगल्या स्टेनलेसला चुंबक फारसे धरत नाही, या बोल्टांना फ्रिजवरचे शोभेचे चुंबकही घट्ट चिकटले.

डावी बॅग शाबूत होती म्हणून तिच्यावर विसंबलो, तर सावंतवाडीच्या लॉजवर ती उघडताच तळाशी दोन-तीन तांबे पाणी निघाले. कॅमेऱ्याची लेन्स गेली. गाडीची कागदपत्रे किराणा दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली होती म्हणून वाचली, म्हणजे त्या साडेअकरा हजारांच्या संचात खरी जलरोधक वस्तू फुकटची पिशवीच ठरली. जलरोधकपणाची ही मेख समजून घेण्यासारखी आहे. लेप दिलेले कापड पाणी अडवते हे खरे, पण ते सुईने शिवले की प्रत्येक टाक्याला एक भोक पडते आणि दोरा वातीसारखा पाणी आत ओढतो. म्हणून चांगल्या बॅगेत शिवण नसतेच, कडा उष्णतेने एकजीव केलेल्या असतात, किंवा शिवण असलीच तर आतून तिच्यावर पट्टी चिकटवलेली असते. शिवाय चालत्या गाडीवर पाणी फक्त वरून येत नाही. चाक ते खालून जोराने उडवते आणि तळाच्या शिवणीवर त्याचा मारा तासन्‌तास चालतो. विक्रेत्याचा व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा त्यातल्या बॅगेला तळाशी शिवण नव्हती. माझ्या बॅगेला होती. ती बॅगच वेगळी होती.

सावंतवाडीतल्या एका वेल्डरने जोड पाहून ‘ह्यां वेल्डिंग न्हय, ह्यां टाचून ठेवलेला आसा’ असे म्हटले, दोन्ही बाजूंचे सगळे जोड घासून पुन्हा भरले आणि त्याचे १५० रुपये घेतले. गोव्याचा बेत रद्द करून आम्ही जळकी बॅग मित्राच्या गाडीवर लादली आणि परतलो.

यानंतरचा भाग वाचकांच्या अधिक उपयोगाचा आहे. विक्रेत्याने आधी फोटो मागितले, मग वजनाचा दोष माझ्यावर टाकला, मग ‘रिप्लेसमेंट मिळेल, कुरिअर तुम्ही करा’ असे सांगून पत्ता देण्याचे टाळले आणि चौथ्या दिवशी माझा क्रमांक ब्लॉक केला. त्याने पाठवलेले बिल मी तोवर नीट वाचलेच नव्हते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७; पुढची दहा अक्षरे पॅनची, मग एक नोंदणीचे, चौदाव्या जागी सहसा इंग्रजी झेड आणि शेवटी पडताळणीचे एक अक्षर. माझ्या बिलावरचा क्रमांक झेडवरच संपत होता. मोजायला अर्धा मिनिट पुरे होता, आणि खरा वाटणारा क्रमांकसुद्धा जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कोणालाही विनामूल्य पाहता येते.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथील व्यक्तीने शांतपणे ऐकून घेतले, पण ज्याचा पत्ताच नाही त्याच्याकडे तक्रार पाठवायची कशी हा त्यांचाही प्रश्न होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर मी जवळजवळ पाच आठवड्यांनी गेलो. हा क्रमांक पैसे गेल्यावर ताबडतोब फिरवायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ते गोठवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे तोपर्यंत केव्हाच पुढे गेले होते. तक्रार नोंदली गेली, ती अजून प्रलंबित आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही पडत नाही; कायदा ग्राहकाच्या बाजूने पुरेसा सोपा आहे. परंतु तक्रारीत समोरच्याचे नाव आणि पत्ता लागतो. मी बिलावरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, ती ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आली. वस्तू घेण्यापूर्वी विक्रेत्याचा पत्ता का पाहावा, हे मला त्या परत आलेल्या पाकिटाने शिकवले.

आता मी दुकानात जाऊन, हातात घेऊन घेतो. तोंड गुंडाळून बंद होणारी बॅग असेल तर ती हवेने फुगवून, बंद करून, तिच्यावर गुडघा दाबतो. कडेतून हवा फुसफुसली की तेथून पाणीही येणार. घरी आणल्यावर बादलीभर पाणी आत ओतून न्हाणीघरात टांगून ठेवतो. सांगाड्याचा प्रत्येक जोड बोट फिरवून पाहतो. वेल्डिंगला माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक लाट असते, लांबीला ती नसते, ती गुळगुळीत लागते. फार गुळगुळीत जोड दिसला की आता मला धडकी भरते. सांगाडा बसवल्यावर रिकाम्या गाडीने नव्हे, भरलेल्या बॅगांनी घराजवळच्या खराब रस्त्यावर पंधरावीस किलोमीटर हिंडून येतो आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळतो.

सामान चांगले असले तरी ते लावण्याची रीत चुकली तर तोच डूल येतो, हे माझ्या मित्राने परतीच्या वाटेवर दाखवून दिले. माझी जळकी बॅग त्याने मागच्या कॅरिअरच्या टोकाला बांधली होती. मागच्या आसाच्या पलीकडे वजन गेले की सी-सॉसारखे पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात सैल वाटते. कराडला थांबून आम्ही ती सीटवर पुढे ओढली, जड वस्तू तळाशी आणि पुढे घेतल्या, हुकांच्या रबरी दोऱ्या काढून बकलचे पट्टे लावले, पट्ट्यांची लोंबती टोके गाठीत अडकवली आणि मागचा दिवा व नंबर प्लेट झाकली जात नाही ना ते पाहिले. एवढ्यानेच गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या तरुणाने मला एक दुवा पाठवून विचारले, ‘काका, हे घेऊ का?’ पानाचे नाव नवे होते, किंमत १०,९९९ वर आणलेली होती, व्हिडिओ तोच होता. ‘समाधानी ग्राहक’ या मथळ्याखाली सात-आठ फोटो होते. चौथ्या फोटोतल्या गाडीचा क्रमांक पुसलेला होता, पण मागे आमच्या सोसायटीचे फाटक आणि त्यावरची, एका खिळ्यावर लटकणारी ‘नो पार्किंग’ची पाटी स्वच्छ दिसत होती. खाली, भलत्याच कोणाच्या नावाने, लिहिले होते: मजबूत सांगाडा, उत्तम बॅगा, निर्धास्त घ्या.