भद्रकालीतली स्क्रीन प्रिंटिंगची सेवा: दोन रंगांत चित्र छापून घ्यायचं असेल तर इथे जा

नाशिकमधल्या इलस्ट्रेटर आणि डिझायनर मंडळींना मी सध्या एकच ठिकाण सुचवते. भद्रकालीच्या एका गल्लीत लग्नपत्रिका छापणारं दुकान आहे. पुढे पत्रिकांचे नमुने, मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून (तीच स्क्रीन) रंग कागदावर उतरवायचा. मालकांनी नाव छापू नका असं सांगितलंय, कारण मागच्या खोलीत काम करणारे ते आणि त्यांचा मुलगा, दोघंच. गल्लीत कुणालाही ‘पत्रिकावाले, मागे छापतात ते’ असं विचारा, दाखवतील.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आमच्या कामात रोज नवीन बघावं लागतं, आणि बघायला आता काही कमी नाही. जगभरच्या चित्रकारांचं, छायाचित्रकारांचं काम फोनवर येत राहतं आणि आपण साठवत राहतो. पण साठवलेल्यातून स्वतःचं काही निघायला दुसरं काहीतरी लागतं. मला ते या मागच्या खोलीत मिळालं.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ पासून स्क्रीन प्रिंटिंग हाती घेतलं हे बहुतेकांना माहीत असतं. माझा जास्त जीव आहे तो कोरिटा केंट या बाईंवर. लॉस एंजेलिसमधल्या कॉलेजात त्या कला शिकवायच्या, स्वतः जोगीण (कॅथलिक नन) होत्या, आणि १९६०च्या दशकात ब्रेडच्या वेष्टनांवरची, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं उचलून भडक, सपाट रंगांत छापायच्या. विद्यार्थ्यांना त्या पुठ्ठ्यात चौकोनी भोक पाडून द्यायच्या: त्यातून बघा, बाकीचं जग झाका. मी तसा पुठ्ठा घेऊन पावसाळ्यात गोदावरीवरच्या होळकर पुलावर उभी राहिले. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता, आणि अख्खं नाशिक बघतं तेच मीही बघत होते: नदीकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडालीय.

तिथेच चित्र ठरलं. मारुती शेंदरी, पाणी निळं, दोनच रंग. जिथे पाणी मारुतीवर चढेल तिथे निळा शेंदरीवर बसून तिसरा, काळपट तपकिरी रंग आपोआप तयार होईल. म्हणजे बुडालेला भाग वेगळा रंगवायचाच नाही. टॅबलेटवर ‘मल्टिप्लाय’ (खालचा रंग वरच्यातून दिसू देणारा पर्याय) लावून हे दिसतं, पण तिथे कुठलाही रंग कधीही मागे घेता येतो, त्यामुळे ठाम निर्णय होत नाही. इथे स्क्रीन बनली की बनली.

मी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत आणि गळ्यापर्यंत पाणी असे निळ्याचे चार वेगळे पॉझिटिव्ह, म्हणजे ज्यांवरून स्क्रीन बनते ती काळ्या शाईतली चित्रं, ट्रेसिंग पेपरवर काढून नेले होते. मालक काकांनी ते एकावर एक ठेवून उजेडात धरले.

‘‘ताई, पाणी तर एकच आहे. चार स्क्रीनचे पैसे कशाला घालवता? निळ्याचा पट्टा लांब करून आणा. कागद खाली सरकवला की पाणी वर चढलं.’’

चित्रमालिकेची अख्खी कल्पना या एका वाक्यात सुधारली. चित्र ए-फोर ठेवलं, निळ्याची स्क्रीन मोठी, ए-थ्रीची घेतली, आणि जास्तीचा रंग टेबलावर उतरू नये म्हणून कागदाखाली रद्दी. एकाच स्क्रीनने पूर चढवता येतो हे मला घरी बसून सुचलं नसतं. कारण ती कल्पना त्या टेबलाची आणि बिजागरीला लावलेल्या त्या फ्रेमची आहे.

स्क्रीन बनते ती पाहण्यासाठी तरी एकदा थांबाच. जाळीवर इमल्शनचा, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या रसायनाचा, पातळ थर देऊन, अंधारात वाळवून, खाली पॉझिटिव्ह ठेवून ट्यूबलाइटच्या पेटीवर ती उजेडाला धरतात. उजेड लागला तिथला थर कडक होतो. काळ्या रेषेखालचा मऊ राहतो आणि पाण्याने निघून जातो. काकांचा मुलगा मोरीत फ्रेम उभी धरून बारीक फवारा मारत होता. आधी काहीच दिसेना. मग मारुतीच्या शेपटीचं टोक उघडलं, त्यातून पलीकडची भिंत दिसली, आणि मिनिटभरात सगळी आकृती मोकळी झाली. एका जागी रेष अर्धवट बुजलेली होती. त्याने बोटाच्या पेराने हलकेच चोळली. ब्रश वापरला असता तर कड फाटली असती म्हणाला.

छापताना रंग सांगून घ्या, हे महत्त्वाचं. पत्रिकेचे रंग झाकणारे असतात; गडद कार्डावर सोनेरी उठून दिसावा म्हणून ते तसेच लागतात. एकावर एक रंग दिसायला हवा असेल तर पारदर्शक बेस घालायला सांगा. आधी फिका रंग, मग गडद. माझा पहिला निळा फार दाट बसला होता; काकांनी तो न कुरकुरता पुन्हा कालवला. स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) ओढताना त्यांचा हात मधे कुठेही थांबत नाही, त्यामुळे सपाट रंगात पट्टा दिसत नाही. हे कौशल्य आहे, आणि गॅलऱ्यांत हुसेन, रझा यांचे ‘सेरिग्राफ’ म्हणून जे छाप विकले जातात, त्यांचं तंत्र मुळात हेच.

फोटोही छापून पाहिला: गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातली ताडपत्री. फोटोसाठी ठिपक्यांचा हाफटोन करून न्यावा लागतो. जाळीला इंचाला जितके धागे, त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ठिपक्यांच्या ओळी इंचात देऊ नका, इतके बारीक ठिपके धरत नाहीत. मी त्याहून बरेच मोठे, इंचाला ४५ ओळींचे ठेवले. जवळून नुसते ठिपके, हातभर लांबून ताडपत्रीच्या सुरकुत्या. डिजिटल प्रिंटमध्ये हाच फोटो सामान्य वाटला होता. इथे त्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते कळलं.

आता उणिवा. रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगावर दुसऱ्याची जुळणी, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतं. माझ्या चित्राला ते चाललं, बारीक अक्षरांवर दुसरा रंग जुळवायचा असेल तर चालणार नाही. ए-थ्रीच्या वर स्क्रीन नाही. कागद म्हणजे पत्रिकांचंच कार्ड. चांगला सुती कागद आपणच न्यावा. थिनरचा वास उग्र आहे, खोलीत एकच खिडकी. आणि लग्नसराईत जाऊच नका: तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात त्यांना मान वर करायला वेळ नसतो. पावसाळ्यात ते निवांत असतात, पण हवेत ओल असल्याने इमल्शन वाळायला जास्त वेळ घेतं. एक दिवस जास्तीचा धरा.

मला एका स्क्रीनचे ४०० रुपये पडले आणि एका रंगाच्या पन्नास प्रतींचे ३००. पन्नासच्या खाली घेत नाहीत. गळ्यापर्यंतचं पाणी मी थोड्याच प्रतींवर घेतलं, बाकीचे कमरेपर्यंतचे. तशी विभागणी त्यांना चालते. स्क्रीन महिनाभर पुसत नाहीत, पुन्हा छापायचं असेल तर आधी सांगून ठेवा.

दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी छायाचित्रण आणि छपाई दोन्ही धंदे केले होते. आपल्या जिल्ह्यातला एवढा मोठा माणूस छापखान्यातून पुढे गेला, तरी कलाशाखेच्या मुलांना छपाई आत जाऊन बघायला फारसं कुणी पाठवत नाही याचं मला वाईट वाटतं. काका बघू देतात. दोघंतिघं जा, दुपारी तीननंतर जा, आणि पॉझिटिव्ह काळाकुट्ट छापून न्या. करडा असला तर परत पाठवतात.