दुसरा भाग कोणाचा सरस: ‘श्रेक’चा की प्रॅचेटचा?

परीकथांचे ठरलेले साचे मोडणारी गमतीदार फँटसी म्हटलं की आमच्या ठाण्यातल्या वाचनवेड्या मित्रांत दोन ‘दुसरे भाग’ हमखास निघतात: 2004 चा अ‍ॅनिमेशनपट ‘श्रेक 2’ आणि टेरी प्रॅचेट यांची 1986 ची कादंबरी ‘द लाइट फँटास्टिक’.

घरात सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर ‘श्रेक 2’. ‘सुखाने नांदू लागले’ म्हणून जिथे गोष्ट संपायची, तिथे ही सुरू होते. नवा जावई सासुरवाडीला जेवायला जातो आणि सासऱ्याशी भर जेवणात जुंपते! वर देणारी परीच खलनायिका, देखणा राजपुत्र तिचा लाडोबा. पहिला भाग पाहिला नसला तरी अडत नाही.

माझं मत मात्र प्रॅचेट यांना. एका कोहेनसाठीसुद्धा. हा जगातला सर्वांत मोठा रणवीर, पण म्हातारा, बोळका, पाठदुखीने वैतागलेला. आयुष्यात सर्वांत चांगलं काय, असं विचारल्यावर तो विजय-बिजय सांगत नाही. गरम पाणी, चांगले दात आणि मऊ टॉयलेट पेपर हवा म्हणतो. पुढे ट्रोलच्या (दगडी अंगाच्या राक्षसाच्या) हिऱ्याच्या दातांची कवळी करून घेतो. हसता हसता म्हातारपणाबद्दल केवढी माया वाटते! जादूगार रिन्सविंडला तर धड एक मंत्र म्हणता येत नाही, आणि जग वाचवायचं त्यालाच.

फक्त आधी पहिला भाग, 1983 ची ‘द कलर ऑफ मॅजिक’, वाचा. ती ऐन कड्यावर थांबते, पुढचं सगळं इथे आहे. ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं, तर बरीच पानं होतात.