इंजिनरूममधल्या पाण्याची रेघ पुसू देऊ नका

पावसाळ्यासाठी शाकारलेल्या, म्हणजे वर ओढून झाकून ठेवलेल्या बोटीच्या इंजिनरूममध्ये पावसाचं पाणी भरलं, तर उपसायच्या आधी मोबाईल घ्या आणि पाणी कुठवर चढलंय त्याचा फोटो काढा. इंजिन, गिअरबॉक्स आणि बाजूची फळी एकाच फोटोत दिसली पाहिजे. पंप त्यानंतर लावा. आमचे पावणेदोन लाख रुपये आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा एक धडधाकट पंप घेऊन गेलेल्या मिस्त्रीने बोटीत उतरल्यावर सगळ्यात आधी आपल्या हाताखालच्या पोऱ्याला साबणाचा फडका दिला आणि फळीवरची तेलकट रेघ पुसायला लावली. "वहिनी, घाण किती झालीये बघा, आधी साफ करू या," असं म्हणून. पुसली गेली ती घाण नव्हती, पुरावा होता. माझ्या नवऱ्याने आदल्या रात्री माझ्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होते म्हणून तो पुरावा वाचला, आणि म्हणूनच आज मी हे लिहू शकते.

आमची बोट दापोली तालुक्यातल्या एका खाडीत असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा इतरांसारखीच आमचीही बोट वर ओढून, टेकू लावून, झाप आणि ताडपत्री घालून ठेवलेली असते. जुलैत वाऱ्यासकट पावसाने झोडपलं. ताडपत्री फाटली, इंजिनरूमचं झाकण सरकलं आणि तळाच्या बुचाच्या भोकात गाळ बसलेला असल्याने आत आलेल्या पाण्याला वाट उरली नाही. एक चौरस मीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी होतं. डेकवरचं सगळं पाणी एका झाकणाकडे वळलं की इंजिनरूम भरायला एक रात्र पुरते. हवामान खातं चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला सर्वांत वरच्या वर्गात टाकतं, आणि कोकणात असे दिवस नवे नाहीत.

बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच आणि मागची बाजू खाली होती. त्यामुळे पाणी मागे साचलं. गिअरबॉक्स निम्मा बुडाला, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) पूर्ण बुडाला, फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) खालच्या भागापर्यंत पाणी आलं. इंजिनाच्या कुशीला बसवलेला डिझेल पंप मात्र पाण्याच्या रेघेच्या चार बोटं वर, कोरडा होता. हवेचा फिल्टर आणि सायलेन्सरचं तोंड तर त्याहून कितीतरी वर. ज्या वाटांनी पाणी सिलिंडरमध्ये जाऊ शकतं त्या सगळ्या वाटा कोरड्या होत्या. फोटोत हे कुणालाही दिसतं. ते वाचून दाखवणारा माणूस आम्हाला ऑगस्टमध्ये भेटला.

मिस्त्री शहरातला. बंदरावर येणंजाणं असणारा, चार बोटींची कामं केलेला. त्याने नवऱ्याला तीन गोष्टी दाखवल्या. त्या तिन्ही नीट सांगते, कारण हीच युक्ती दुसऱ्या बंदरावर चालू असणार.

पहिली गोष्ट, दुधाळ तेल. पांढरट, चहासारखं दिसणारं तेल त्याने डब्यात काढून आणलं आणि म्हणाला, "बघा, पाणी पार बेअरिंगपर्यंत गेलं." बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. पण तेल पाण्यापेक्षा हलकं. बंद इंजिनात पाणी शिरलं तर ते तेलाखाली चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी जाऊन बसतं, आणि खालचा नट सैल केला की आधी पाणी येतं, मागून तेल. तेल दुधाळ होतं ते इंजिन फिरून दोन्ही घुसळल्यावर. आमचं इंजिन मे महिन्याच्या अखेरीपासून फिरलंच नव्हतं. ते तेल आमच्या इंजिनातलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, जाम झालेलं इंजिन. त्याने पुढच्या पुलीला पाना लावून जोर दिला, इंजिन हललं नाही. "सीज झालंय, नाखवा." नवऱ्यानेही जोर लावून पाहिला. आमच्या एका खलाशाने नंतर सांगितलं की पोऱ्या तेव्हा मागे फ्लायव्हीलपाशी बसला होता, आणि त्याचा लांब पाना दात्यांत अडकवलेला होता. आमच्या खलाशाला हे तेव्हाच माहीत होतं, पण मिस्त्रीसमोर बोलायची त्याची हिंमत झाली नाही. मी त्याला दोष देत नाही. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये असंच आपण पोरांना शिकवलेलं असतं.

तिसरी गोष्ट, वाकलेले कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे. इंजिनचे भाग टेम्पोत घालून तो वर्कशॉपला घेऊन गेला आणि तिथून दोन वाकड्या रॉडचे फोटो पाठवले. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर येताना अडतो आणि रॉड वाकतो, हे शास्त्र अगदी खरं आहे. म्हणूनच त्याचं खोटं टिकलं. पण रॉडवर आणि त्याच्या कॅपवर कितव्या सिलिंडरचा तो आकडा ठोकलेला असतो. फोटो मोठा करून पाहिला तर दोन्ही रॉडवर "३" आहे. एका इंजिनात तिसरा सिलिंडर एकच असतो.

हे मला ज्यांनी दाखवलं ते काका आमच्या मामेसासऱ्यांच्या ओळखीचे. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. आम्ही त्यांच्याकडे गेलो ते बोट सुरू होऊनही ओढत नव्हती म्हणून. काळा धूर, डिझेल जास्त, वेग कमी. मिस्त्री म्हणत होता, "नवीन बेअरिंग आहेत, बसायला वेळ लागतो." काकांनी पंपाकडे बोट दाखवलं. रंग ताजा, पण नंबरप्लेटचे रिव्हेट नवे. आमच्या इंजिनच्या कागदांत पंपाचा नंबर लिहिलेला आहे. प्लेटवरचा नंबर वेगळाच. पंप कोल्हापूरला कॅलिब्रेशनवाल्याकडे, म्हणजे डिझेल पंप तपासून जुळवणाऱ्याकडे, नेला. तिथल्या माणसाने बेंचवर लावून सांगितलं की आतले प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे) झिजलेले आहेत आणि हा पंप या इंजिनाचा नाहीच. प्लंजर आणि त्याभोवतीच्या नळीतली, बॅरलमधली, फट मायक्रॉनमध्ये मोजतात. तिथली झीज रंग मारून झाकत नाही.

बिल म्हणजे साध्या वहीच्या पानावरची कच्ची पावती. "पंप ओव्हरहॉल", "रॉड २", "बेअरिंग सेट", "क्रँक पॉलिश", "सेल्फ नवीन", मजुरी. पार्ट नंबर एकाही ओळीत नाही, जीएसटी नंबर नाही. जुने भाग परत मागितले तर म्हणाला, भंगारात गेले. काकांच्या अंदाजाने आमचं खरं काम वीस-पंचवीस हजारांचं होतं: सेल्फ खोलून सुकवणं, गिअरबॉक्सचं तेल बदलणं, इंजिनचं तेल आणि फिल्टर दोनदा बदलणं.

विम्याचं सर्वांत वाईट वाटतं. बोटीचा विमा होता. नवऱ्याने "कंपनीला कळवतो, नुकसान बघायला सर्व्हेअर येऊ दे," म्हटल्यावर मिस्त्री म्हणाला, "सर्व्हेअर येईपर्यंत लायनरला, सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंज धरेल, मग ब्लॉकच बदला." एक ऑगस्ट जवळ आलेला, खलाशांना आगाऊ पैसे दिलेले, बर्फ आणि डिझेलची उसनवारी ठरलेली. त्या घाईवरच त्याचा धंदा चालतो. गंज धरतो हेही खरं. पण सर्व्हेअरची वाट बघताना गंज थांबवता येतो, आणि त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. काकांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत देते.

फोटो झाले की बॅटरी सोडवा, आधी निगेटिव्ह. सेल्फ मारून बघायचा मोह कितीही झाला तरी मारू नका, कुणालाही मारू देऊ नका. पाणी उपसा, पण वरचा तेलकट थर वेगळ्या ड्रममध्ये काढा. तो खाडीत सोडला तर आपल्याच पोटावर पाय. मग डिपस्टिक बघा. तेलाची पातळी खुणेच्या वर गेली असेल तर खाली पाणी आहे असं समजा आणि चेंबरचा नट सैल करून आधी काय येतं ते स्वच्छ बाटलीत धरा. ती बाटली जपून ठेवा. गिअरबॉक्सचंही तसंच. पाण्याची रेघ हवेच्या फिल्टरच्या किंवा सायलेन्सरच्या तोंडाच्या वर असेल तरच सिलिंडरची खरी काळजी. तेव्हा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून घ्यायची, पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने इंजिन हळूहळू फिरवायचं, पाणी नोझलच्या भोकांतून बाहेर येतं, आणि मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं स्वच्छ इंजिन ऑइल घालून पुन्हा दोन-चार वळसे द्यायचे. हे केलं की सर्व्हेअरसाठी थांबायला सवड मिळते. नोझल काढणं माहितगाराचं काम आहे, पण तो तुमच्या डोळ्यांसमोर, बोटीवर करू शकतो. टेम्पो लागत नाही. डिझेलच्या टाकीत पाणी गेलं असेल तर फिल्टरखालच्या वाटीत दिसतं, ती वाटी आधी रिकामी करा, नाहीतर तेच पाणी पंपात जाईल.

पावसाचं पाणी गोडं, म्हणून खाऱ्या पाण्याइतकं ते लगेच खात नाही. मात्र बोटीच्या तळाशी आधीचं मीठ असतंच, ते त्यात विरघळतं. सेल्फ आणि डायनामो बुडाले असतील तर काढून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि वाइंडिंगवाल्याकडून तपासून घ्या. "बुडाला म्हणजे गेला" हे ऐकून नवीन घेऊ नका. आमच्या बिलातला "सेल्फ नवीन" उघडून पाहिला तर आत आमचाच जुना, वरून रंग मारलेला. सेल्फच्या कानावर, जिथे बोल्ट बसतो तिथे, आमच्या खलाशाच्या हातोड्याने पडलेली खूण होती, ती रंगाखालीही दिसते.

पोलीस ठाण्यात आधी "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकावं लागलं. वकिलांनी अर्ज वेगळा लिहिला. कामासाठी सोपवलेला पंप परस्पर बदलणं हा न्यासभंग, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, आणि खोटे रॉड दाखवून पैसे घेणं ही फसवणूक, कलम ३१८. तसा अर्ज दिल्यावर नोंद घेतली गेली. दुसरीकडे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. "बोट धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही," असं समोरचा म्हणतोय. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठीच घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तूचा वापर धंद्याचा धरत नाहीत. नवरा स्वतः तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणून बोटीवर जातो, हे आम्ही प्रतिज्ञापत्रात लिहिलं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

सुनावणी चालू आहे. पाण्याच्या रेघेचा फोटो, दोन "३"चा फोटो, कॅलिब्रेशनवाल्याचा कागद आणि कच्ची पावती आयोगासमोर आहेत. आमच्यानंतर शेजारच्या बंदरावरच्या दोन घरांनी त्याच मिस्त्रीचे तसेच अनुभव सांगितले. त्यातल्या एका बाईंकडे त्याने पाठवलेला वाकड्या रॉडचा फोटो अजून मोबाईलमध्ये होता. आम्हाला पाठवलेल्या फोटोतलेच ते दोन रॉड, त्याच टेबलावर ठेवलेले. त्यांनी तो वकिलांना देण्याचं कबूल केलं आहे.