बाराशेचा एक की साडेतीनशेचे बारा?
रत्नागिरीच्या बाजारातून मी ३५० रुपयांत बारा मेकअप ब्रशचा सेट घेतला, ताईचा ब्रँडेड एकच ब्रश १२०० चा. आयशॅडोला खरं सांगू तर काडीचा फरक नाही, पण पावडर ब्रशला आहे, माझ्यावाल्याचे केस दुसऱ्याच धुण्यानंतर गालाला चिकटायला लागले, ऐन गणपतीत! त्यात आपल्याकडची दमट हवा आणि मी शहाणी तो धुवून ग्लासात उभा ठेवायचे, पाणी दांड्याकडे उतरून ग्लू सुटला नि मुंडी हातात आली. आडवाच वाळवा, महागातला असला तरी. पुढच्या वेळी पावडरचा तेवढा भारीतला घेणार, बाकी बाजारातलेच. हां, लिक्विड फाउंडेशनला सिंथेटिकच बघा, बकरीच्या केसांचा ब्रश अर्धं फाउंडेशन स्वतःच पितो.